कॉफीचे दळण : बुंददाण्यापासून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत

कृष्णपुरा म्हटले की प्रथम आठवतात त्या कान्ह नदीकाठच्या छत्र्या. कृष्णाबाई होळकर, तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव यांच्या स्मृतीच्या या छत्र्यांपासून राजवाडा हाकेच्या अंतरावर आणि त्याच्या मागे सराफा. या परिसरात सकाळी पोहे-जिलेबी आणि चहा, तर रात्री गराडू, भुट्ट्याचा कीस आणि रबडी. खाण्यापिण्यासाठी देशभर नाव मिळवलेल्या या गावात कॉफीचे नाव मात्र कोणी फारसे घेत नाही.

तरीसुद्धा आपल्या जुन्या मराठी घरांत कॉफी होतीच. रोजच्या चहासारखी नाही, तर मानाची. पाहुण्यांसाठी, कीर्तन किंवा गाण्याच्या बैठकीच्या मध्यंतराला, परीक्षेच्या दिवसांत जागणाऱ्या मुलांसाठी आणि अंगात कसकस असलेल्या माणसासाठी. पातेल्यात दूध-पाणी, साखर, डब्यातली पूड, वरून किसलेले जायफळ, जमले तर वेलदोडा. उकळी आली की गाळली. इतकी साधी कृती. 'कॉफी' म्हणताच आपल्यापैकी अनेकांच्या नाकाला आधी जायफळ आठवते आणि मग कॉफी.

आता काळ बदलला. मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशी गेली. सणाला घरी येताना कोणी इटालियन मोका पॉट आणतो, कोणी फ्रेंच प्रेस, कोणी थेट हजारो रुपयांचे एस्प्रेसो यंत्र. ओट्यावर नवे भांडे येते आणि जुने पातेले जरा ओशाळल्यासारखे मागे सरकते. नवी पिढी म्हणते, तुमची कॉफी म्हणजे कॉफीच नव्हे. जुनी पिढी म्हणते, तुमचे ते कडू पाणी तुम्हालाच लखलाभ. हा वाद गमतीचा आहे खरा, पण त्यात दोन्हीकडून एक गोष्ट सुटते, आणि ती कळायला थोडे मागे जावे लागते. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय घेतला तो त्यासाठीच.

मांडूच्या छावणीत आलेला पाद्री

कॉफी ही अलीकडची, इंग्रजांनी लावलेली सवय, असा एक समज आहे. प्रत्यक्षात हिंदुस्थानातील कॉफीचा एक जुना लेखी उल्लेख करणारा माणूस आपल्या माळव्यात राहून गेला आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीर बादशहाच्या दरबारी होता. १६१७ साली बादशहाची छावणी मांडूला होती. इंदूरहून शंभरेक किलोमीटरवर. रोबरोबर तिथे त्याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी होता. मायदेशी परतल्यावर त्याने लिहिलेले प्रवासवर्णन १६५५ साली पुस्तकरूपाने छापले गेले. त्यात तो सांगतो की या देशातील जे लोक धर्माचे कडक पालन करतात ते मद्य घेत नाहीत. त्याऐवजी एक काळे बी पाण्यात उकळून केलेले पेय पितात आणि त्याला कॉफी म्हणतात. चवीपेक्षा ते गुणाला चांगले, पचनाला आणि मनाच्या तरतरीला उपयोगी, असेही त्याचे म्हणणे.

यातला 'पाण्यात उकळून' हा भाग महत्त्वाचा. येमेन, मक्का, कैरो, इस्तंबूल या सर्व ठिकाणी कॉफी उकळूनच होत असे. अरबांची कॉफी तर वेलदोडा घालून. म्हणजे पातेल्यात उकळून वेलदोडा-जायफळ घातलेली आपली कॉफी ही कॉफीच्या सर्वांत जुन्या घराण्यातली आहे. तिला गावंढळ म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आपल्या भाषेतही या नात्याची खूण राहिली आहे. जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना बुंद किंवा बुंददाणे म्हणत. मूळ अरबी शब्द 'बुन्न'. पेय आले तसे नावही आले. पुढे 'कॉफी' हा शब्द रुळला आणि बुंददाणे विस्मरणात गेले. शब्द गेला त्याबरोबर आणखीही काही गेले, ते पुढे येईल.

लागवडीची कथा सर्वांना ठाऊक आहे. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी संताने हजहून परतताना मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात पेरल्या, असे सांगतात. तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांनी म्हैसूर, कूर्ग, वायनाड, निलगिरीत कॉफीचे मळे वाढवले. आजही देशातील सुमारे सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते.

दोन मराठी घराणी, दोन कॉफ्या

येथे एक तुलना करून पाहण्याजोगी आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांमागे काही मराठी घराणी तंजावरला गेली. अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांमागे आपली घराणी माळव्यात आली. दोघेही महाराष्ट्रापासून दूर, दोघांनीही घरात मराठी जपली. पण तंजावरकर तमिळ शेजारात फिल्टर कॉफी पिणारे झाले आणि आपण माळव्यात चहा-पोह्यांचे.

फरक शेजाराचा, तसाच मालाचाही. दक्षिणेत कॉफीचे डोंगर जवळ. कच्चे दाणे बाजारात मिळत, घरी लोखंडी तव्यावर किंवा फिरत्या भाजणीत भाजले जात आणि फळीला घट्ट बसवलेल्या हाताच्या यंत्रावर रोजच्या रोज दळले जात. ज्या घरी हे जमत नसे तिथे कोपऱ्यावरचा दुकानदार डोळ्यांदेखत दळून देई. मुंबईत माटुंग्याला तमिळ वस्ती झाली तेव्हा ही दळणाची दुकानेही बरोबर आली आणि आजही तिथल्या रस्त्याने जाताना भाजल्या कॉफीचा वास येतो.

इंदूर या डोंगरांपासून फार दूर. आपला व्यवहार मुंबईशी. १८७० च्या दशकात तुकोजीराव दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले आणि होळकर स्टेट रेल्वे झाली. इंदूर खांडव्याला आणि खांडव्याहून मुंबईच्या मुख्य मार्गाला जोडले गेले. मुंबईचा माल इथे येऊ लागला. ज्या गावाशी दळणवळण, त्या गावाची कॉफी. आणि मुंबईची कॉफी डब्यातली होती.

डब्यातली पूड

मुंबईत १८८८ साली पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी तरुणाने कॉफी भाजून-दळून विकण्याचा धंदा सुरू केला. त्यांचे लाडके नाव 'पॉली'. त्यावरून माल इंग्रजी वळणाच्या 'पोल्सन' नावाने विकला जाऊ लागला. पुढे आणंदला दुग्धशाळा निघाली आणि पोल्सनचे लोणी इतके गाजले की खुशामत करण्याला 'पोल्सन लावणे' असा शब्दप्रयोगच रूढ झाला. पण मूळ धंदा कॉफीचा. पश्चिम भारतातील मध्यमवर्गीय घरांत कॉफी पोचवणाऱ्यांत या नावाचा मोठा वाटा आहे.

या डब्यांत कॉफीबरोबर चिकरी असे. चिकरी म्हणजे एका झाडाचे मूळ, भाजून दळलेले. नेपोलियनच्या काळात नाकेबंदीमुळे युरोपात कॉफी मिळेनाशी झाली तेव्हा फ्रान्समध्ये तिचा वापर फोफावला. चिकरीने रंग गडद येतो, पेय दाट होते, कडसरपणा वाढतो आणि खर्च कमी होतो. कॅफीन मात्र तिच्यात नसते. दुधाच्या कॉफीला ती काही अंशी शोभतेही, म्हणून तिला सरसकट भेसळ म्हणणे बरोबर नाही. फक्त आपण काय विकत घेतो ते माहीत असावे. आजच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे कॉफी-चिकरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. पुढच्या वेळी पाकीट उलटून पाहा. अनेकदा अर्ध्याच्या जवळपास चिकरी निघेल.

डबा आला तो सोयीचा होता. भाजणे नको, दळणे नको. पण त्याबरोबर एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात आलीच नाही. आपल्याकडे जाते होते, पाटा-वरवंटा होता, खलबत्ता होता. भाजणी घरची, मेतकूट घरचे, गोडा मसाला घरचा. ताज्या दळणाची किंमत मराठी गृहिणीला कोणी शिकवायला नको होती. गिरणीचे पीठसुद्धा 'कालचे की आजचे' हे ती वासावरून सांगे. अशा घरात कॉफी तेवढी दळलेली, कितीतरी महिन्यांपूर्वीची, मुंबईहून डब्यात बंद होऊन येत राहिली. बुंददाणे हा शब्द का गेला, त्याचे उत्तर हेच. दाणेच कोणी पाहिले नाहीत.

जायफळही आम्हाला याच संदर्भात समजते. शिळ्या पुडीचा वास उडालेला असतो. मग गृहिणीने आपल्या डब्यातला हुकमी वास तिला दिला. ही तिची चतुराई होती.

युरोपातील घरे काय करीत होती?

त्याच काळात युरोपातील घरांतून एकामागून एक भांडी निघत होती. आज दुकानात जी यंत्रे दिसतात त्यांतली बहुतेक या शे-दीडशे वर्षांतली आहेत आणि प्रत्येकाने कोणती ना कोणती अडचण सोडवली आहे.

इ.स. १८०० च्या सुमारास पॅरिसमध्ये दोन मजली गाळणीचे भांडे आले. वरच्या भांड्याच्या तळाला भोके, त्यात पूड, वरून गरम पाणी. खाली थेंबथेंब अर्क. त्याचे श्रेय तेथील आर्चबिशप द बेल्वा यांना देतात. दक्षिणेतला पितळी किंवा स्टीलचा फिल्टर त्याच तत्त्वावर चालतो. १९०८ साली जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने कॉफीतला गाळ आणि कडवटपणा टाळण्यासाठी मुलाच्या वहीतला टीपकागद भोके पाडलेल्या पितळी भांड्यात घातला आणि कागदी गाळणी जन्माला आली. तिने पेटंट घेतले आणि कंपनीही काढली. १९२९ साली मिलानच्या दोघा इटालियनांनी दट्ट्याच्या भांड्याचे पेटंट घेतले. तोच आजचा फ्रेंच प्रेस. १९३३ साली आल्फोन्सो बियालेत्ती यांचा ॲल्युमिनियमचा मोका पॉट आला. वाफेच्या दाबाने खालचे पाणी पुडीतून वर चढते, हे त्याचे तंत्र. एस्प्रेसोची यंत्रे त्याआधीच हॉटेलांत होती. तूरीनच्या आंजेलो मोरिओंदो यांचे पेटंट १८८४ चे.

भांडी बदलत गेली, पण एक वस्तू बहुतेक घरांत कायम राहिली, ती म्हणजे कॉफीची हातचक्की. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने १८४० पासून कॉफीच्या चक्क्या केल्या. मोटारी नंतर आल्या. लाकडी पेटी, वर दांडा, खाली खण. गुडघ्यांत धरायची, दांडा फिरवायचा, खणातली पूड काढून घ्यायची. तुर्कांची उभी पितळी नळकांडी त्याहून जुनी. म्हणजे तुर्काचे भांडे वेगळे, फ्रेंचाचे वेगळे, इटालियनाचे वेगळे, तमिळाचे वेगळे. पण दाणे करायच्या वेळी किंवा निदान त्या आठवड्यात दळायचे, ही रीत सर्वांची सारखी. आपण मात्र भांडे घेतले आणि चक्की वगळली.

तीसचे दशक आणि त्यानंतर

इंदुरात याच सुमारास यशवंतराव होळकर दुसरे यांनी जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग बांधून घेतली. तिथले सामान युरोपातील नामवंत कारागिरांचे होते. आज तिथे केंद्र सरकारच्या कर खात्याचे कार्यालय आहे. राजवाड्यात इतकी आधुनिकता आली तरी गावातल्या घरांत कॉफीचे भांडे म्हणजे कल्हईचे पातेलेच राहिले.

त्याच दशकात देशातही एक वळण आले. मंदीत मळेवाल्यांची कॉफी पडून राहू लागली. १९३५ साली कॉफी सेस कमिटी झाली आणि लोकांना कॉफीची गोडी लागावी म्हणून १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाऊस निघाले. १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्डाची घडी बसली. पन्नासच्या दशकात बोर्डाने ही हॉटेले बंद करायला घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती चालवली. मध्य प्रदेशात जबलपूरच्या संस्थेने हे काम केले आणि आपल्या इंदुरातही पगडीवाले वाढपी आणि डोसा-कॉफी आली. कृष्णपुऱ्याच्या कितीतरी मंडळींनी जायफळाविना कॉफी प्रथम तिथेच चाखली असेल.

दरम्यान १९३८ साली स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे आली. स्वातंत्र्यानंतर विरघळणारी कॉफी आपल्याकडेही पसरली. आता गाळणीही नको. चमचाभर पूड कपात घोटायची, फेस आला की दूध ओतायचे. लग्नसमारंभात वाफेचा फुसकारा मारणारे यंत्र आले. त्यातून फेसाळ दूध आणि वर चॉकलेटची पूड. आपण त्यालाच एस्प्रेसो म्हणू लागलो. इटलीचा माणूस ते पाहून चक्रावेल, पण इंदुरातल्या थंडीतल्या लग्नाची मजा त्याशिवाय पुरी होत नाही, हेही खरे.

आणखी एक बाजू आहे. कित्येक दशके मळेवाल्याला आपला माल कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यावा लागे. चांगला-वाईट एकत्र. नव्वदच्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्याने सुटले आणि १९९६ मध्ये विक्री पूर्ण मोकळी झाली. मळ्याच्या नावानिशी, भाजल्याची तारीख छापलेले दाणे घरपोच मिळू लागले ते त्यानंतर. म्हणजे दीडशे वर्षांत प्रथमच इंदूरच्या घराला ताजे बुंददाणे सहज मिळत आहेत. डबा घेण्याचे जुने कारण आता उरलेले नाही.

चाळणीची गोष्ट

आता मुख्य प्रश्न. घरी काय घ्यावे? आमचे सांगणे एका वाक्यात असे : आधी चक्की, मग भांडे.

आमचे शिक्षण स्थापत्य डिप्लोमाचे आणि नोकरी सरकारी, त्यामुळे वाळू-खडी चाळून तिची प्रतवारी करणे अंगवळणी पडलेले आहे. एकावर एक चाळण्या ठेवून नमुना हलवला की कोणत्या आकाराचा माल किती, ते कळते. कॉफीचे दळणही याच नजरेने पाहावे. पाणी पुडीतून जाताना आधी आंबूस द्रव्ये घेते, मग गोडसर, शेवटी कडू. बारीक कणांतून अर्क झपाट्याने निघतो, जाड्या कणांतून सावकाश. पुडीत धूळ आणि भरड दोन्ही असतील तर धुळीचा कडवटपणा आणि भरडीचा कच्चा आंबूसपणा एकाच कपात उतरतो. मग भांडे हजाराचे असो की पन्नास हजारांचे, ते काही करू शकत नाही.

मिक्सरमध्ये नेमके हेच होते. आपला भारतीय मिक्सर साठच्या दशकात आला आणि त्याने चटणी-मसाल्याचे कष्ट हलके केले, याबद्दल त्याचे उपकारच आहेत. पण त्याचे पाते दाणे दळत नाही, तोडते. काही तुकडे धूळ होतात, काही तसेच राहतात. वर उष्णतेने वास उडतो. छोटी, पात्याची विजेवरची 'कॉफी ग्राइंडर' म्हणून विकली जाणारी यंत्रेही याच जातीची. खऱ्या चक्कीत दोन दातेरी पोलादी किंवा चिनीमातीच्या तळ्या असतात. त्यांतले अंतर ठरवले की त्याहून मोठा कण खाली पडत नाही. जात्याचेही तत्त्व हेच. आजीचे जाते आणि उत्तम कॉफीची चक्की यांच्यात नाते आहे, ते मिक्सरशी नाही.

चक्की निवडताना पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. तळ्यांतले अंतर टप्प्याटप्प्याने बदलता यावे. आतला दांडा डगमगू नये; डगमगला की दळण असमान. सुटी करून ब्रशने साफ करता यावी. पाण्याने धुऊ नये, गंजते. दोघांच्या घराला हातचक्की पुरते. दोन कपांचे दळण दोनेक मिनिटांत होते. स्वस्त हातचक्क्या हजार-दीड हजारांपासून मिळतात, पोलादी तळ्यांच्या चांगल्या त्याच्या काही पट. ज्यांचे सांधे दुखतात किंवा घरात पाच-सहा माणसे आहेत त्यांनी विजेवरची घ्यावी, पण पात्याची नव्हे, तळ्यांची. दुरुस्ती गावात होते का, सुटे भाग मिळतात का, हे दुकानदाराला आधी विचारावे.

आणि मिक्सरच वापरायचा तर? तोही मार्ग आहे. मसाल्याचे भांडे घेऊ नका. जिऱ्याचा वास कॉफीत उतरतो. थोडे दाणे, क्षणभर चालू-बंद, मध्ये भांडे हलवत. मग पिठाच्या बारीक चाळणीने धूळ काढून टाका. फरक पहिल्या घोटाला कळेल.

आता भांडे

भांडे निवडताना एकच प्रश्न विचारावा : आपण दूध घालून पितो की बिनदुधाची? आपली बहुतेक घरे दुधाची. त्यासाठी दाट अर्क हवा. तो देतात दक्षिणेचा फिल्टर आणि मोका पॉट. फिल्टर सर्वांत स्वस्त, बिघडायला काही नाही, रात्री भरून ठेवला की सकाळी अर्क तयार. मध्यम-बारीक दळण, पूड हलकी दाबायची, उकळी थांबलेले पाणी ओतायचे. मोका पॉटला त्याच जवळपासचे दळण, पण पूड दाबायची नाही आणि आच मंद. त्यातला दाब खऱ्या एस्प्रेसोच्या मानाने अगदी थोडा असतो, तरी दुधाला तो अर्क पुरेसा.

बिनदुधाची आवडणाऱ्यांनी फ्रेंच प्रेस किंवा कागदी गाळणी घ्यावी. प्रेसला दळण रव्यासारखे जाड, चार मिनिटे थांबणे, मग दट्ट्या सावकाश. माणशी पंधरा ग्रॅम पूड आणि सव्वादोनशे मिलिलिटर पाणी हे प्रमाण धरून चालावे, मग आवडीप्रमाणे कमी-जास्त. आपले इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळते. अर्धा मिनिट थांबून ओतले की योग्य तापमान मिळते.

एस्प्रेसोचे यंत्र घरी घ्यावे का? ज्याला रोज वेळ आणि हौस आहे त्याने जरूर घ्यावे. पण त्याला दळणाची अचूकता सर्वांत जास्त लागते. चक्कीविना एस्प्रेसो यंत्र म्हणजे तंबोरा न लावता गायला बसणे. एकूण पैसे ठरवून त्यांतले निम्मे चक्कीसाठी बाजूला ठेवावेत, उरलेल्यात भांडे पाहावे. उरलेले थोडे असतील तर तीन-चारशेचा फिल्टर घ्यावा. तो कोणाला हार जाणार नाही.

आणि पातेले? ते काढू नका. ताजे दळलेले दाणे, मध्यम जाड, म्हणजे गाळ सहज गाळला जाईल. चिकरी नाही किंवा अगदी थोडी. पाण्याला उकळी आली की पूड घालून आच बंद, झाकण, तीन मिनिटे. मग गाळून वेगळे तापवलेले दूध आणि साखर. जायफळ किसणीवर एक-दोनदाच. आता त्याला वास भरून काढायचा नाही, साथ द्यायची आहे. अशी कॉफी बंगळूरहून आलेल्या नातवाला द्या आणि तो काय म्हणतो ते पाहा. आजीची कृती आणि नातवाची चक्की एका ओट्यावर आली की वादाला फारसे काही उरत नाही.

दाणे पंधरा-वीस दिवसांना पुरतील एवढेच आणावेत, भाजल्याची तारीख पाहून. घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवावेत. रोज फ्रिजमधून आत-बाहेर करू नयेत, ओल धरते. दळलेली पूड दोन-चार दिवसांपलीकडे ठेवू नये.

यंदा महालक्ष्म्यांच्या आणि गणपतीच्या दिवसांत घरोघर पाहुणे येतील, रात्रीचे कार्यक्रम लांबतील आणि कोणीतरी कॉफी टाकायला उठेल. त्या वेळी एक काम जरूर करावे. कृष्णपुरा, रामबाग, नारायणबाग अशा वस्त्यांतल्या जुन्या घरांत अजूनही माळ्यावर एखादा जुना कॉफीचा डबा, एखादी गंजलेली हातचक्की, एखादा पितळी फिल्टर असेल. तो खाली उतरवावा, कोणी आणला होता ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे आणि आजीचे कॉफीचे माप वहीत लिहून ठेवावे. मंडळाकडे अशा चार-सहा हकिकती जमल्या तर पुढच्या स्मरणिकेत इंदूरच्या मराठी घरांच्या कॉफीचा इतिहास आपल्याच माणसांच्या तोंडून छापता येईल.